नागपूरहून घरबसल्या ऑनलाइन गेम डेव्हलपमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, कामठी, वर्धा, भंडारा इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, मग मशीन, लाईन (म्हणजे वीज) आणि नेटचे, आणि शेवटी करार, कर आणि कायद्याचे. एकाचं उत्तर दुसरीकडे येत असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेम डेव्हलपर घरून काम करतो म्हणजे दिवसभर नेमकं काय करतो?

ऑनलाइन गेमचे ढोबळ तीन भाग असतात. खेळाडूच्या फोनवर किंवा पीसीवर चालतो तो क्लायंट, सगळ्यांचा खेळ एकत्र बांधून ठेवतो तो गेम सर्व्हर, आणि भोवतीच्या सेवा: लॉगिन, मॅचमेकिंग (खेळाडूंची गाठ घालून देणं), लीडरबोर्ड, खरेदी. घरून काम करणाऱ्याला बहुतेक वेळा यातल्या एकाच भागाची जबाबदारी मिळते. सकाळी टीमने नेमून दिलेलं तिकीट (कामाची नोंद) उघडायचं, कोड लिहायचा, बिल्ड (गेमची चालवता येणारी प्रत) काढायचा, दोन खिडक्यांत दोन खेळाडू चालवून तपासायचं, आणि दुसऱ्याच्या नजरेखालून जाण्यासाठी तो बदल पाठवायचा. नवा कोड लिहिण्याइतकाच वेळ आधीच्या कोडमधली चूक शोधण्यात जातो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

२. इंजिनिअरिंगची डिग्री नसेल तर चालतं का? आणि कोणतं इंजिन शिकू?

परदेशी छोट्या स्टुडिओंना कामाचा नमुना लागतो, मार्कशीट क्वचितच कोणी मागतं. मोठ्या कंपन्यांच्या भारतीय शाखा मात्र डिग्री विचारतात, आणि ज्यांना पुढेमागे परदेशात जायचं आहे त्यांना व्हिसासाठीही तिचा उपयोग होतो. कॉलेज चालू असेल तर ते सोडू नका.

इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. ते एकच धरा आणि सहा महिने बदलू नका. मोबाइल गेमची कामं हवी असतील तर युनिटी आणि सी शार्प ही भाषा. पीसी-कन्सोलचे मोठे खेळ करायचे असतील तर अनरियल आणि सी प्लस प्लस. मशीन साधं असेल आणि पाया समजून घ्यायचा असेल तर गोडो. ते पूर्ण मोफत आहे, एमआयटी परवान्याखाली येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही उघडतं. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्नापर्यंत मोफत आहे. अनरियलवर केलेल्या एका गेमचं एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर गेलं, की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी लागते. शिकणाऱ्याला तिन्हींसाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही.

३. पोर्टफोलिओत काय ठेवू? माझ्याकडे ट्युटोरियल पाहून केलेले दहा गेम आहेत.

ते दहा बाजूला ठेवा. निवड करणारा माणूस तोच प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा खेळ) आणि तोच अंतहीन धावणारा गडी रोज पाहत असतो.

त्यापेक्षा दोन खेळाडूंचा एकच छोटा ऑनलाइन खेळ करा. साधं कॅरम किंवा विटीदांडूसुद्धा चालेल, पण सर्व्हर खरा हवा. सोंगटी कुठे गेली याचा शेवटचा निर्णय सर्व्हरने द्यायचा, क्लायंटने फक्त ‘मी असा मारला’ एवढं सांगायचं. खेळणाऱ्याला वाट पाहावी लागू नये म्हणून क्लायंटने आपल्यापुरता अंदाज आधीच दाखवायचा, आणि सर्व्हरचं उत्तर वेगळं आलं तर हळूच दुरुस्त करायचं. मग १५० मिलिसेकंद उशीर आणि २ टक्के पॅकेट (माहितीचे तुकडे) हरवलेले अशा नेटवर तो कसा चालतो, याचा एक मिनिटाचा व्हिडिओ जोडा. सोबत एक पानाची टीप द्या: काय केलं, काय जमलं नाही आणि का. ‘का’ हा भाग प्रामाणिक असेल तर मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. खेळ इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये चालेल असा ठेवा. झिप उतरवून चालवून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

४. मशीन कोणतं घेऊ? लॅपटॉप की डेस्कटॉप?

मोबाइल गेमसाठी सहा ते आठ कोर, १६ जीबी रॅम आणि १ टीबी एनव्हीएमई एसएसडी पुरतं. अनरियलमध्ये सी प्लस प्लस लिहायचं असेल तर ३२ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. कारण सरळ आहे. कंपाइल होताना (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनताना) एकाच वेळी अनेक कामं सुरू होतात आणि प्रत्येकाला साधारण दीड जीबी रॅम लागते. प्रोसेसरला १६ थ्रेड असले, म्हणजे अशी १६ कामं एकदम चालली, की २४ जीबी तिथेच गेली. रॅम कमी पडली की एसएसडीवर अदलाबदल सुरू होते आणि आठ मिनिटांचं कंपाइल अर्ध्या तासावर जातं.

त्याच किमतीत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, थंड राहतो आणि सीताबर्डीच्या दुकानात त्याचा एकेक भाग बदलून मिळतो. लॅपटॉपचा मोठा फायदा बॅटरीचा: लाईन गेली तरी काम हातातून जात नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दोघांच्याही अडचणी वेगळ्या आहेत, त्या प्रश्न ५ आणि ६ मध्ये पाहा.

५. मे महिन्यात खोली तापते, मशीन आवाज करतं आणि स्लो होतं. कूलरसमोर ठेवू का?

समोर ठेवू नका. आधी स्लो का होतं ते पाहू. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी गरम राहतो. २५ अंशांच्या खोलीत तो ७५ ला चालत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तोच भार ९२ ला जातो. ९५ ते १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मशीन बिघडलेलं नसतं, ते धाप टाकत असतं.

पैसे न लागणारे उपाय आधी करा. इंजिनचा एडिटर मोकळा सोडला तर साधा मेनूसुद्धा सेकंदाला ३००-४०० फ्रेमने काढत बसतो आणि ग्राफिक्स कार्ड उगाच तापतं. फ्रेमरेट ६० वर बांधा. कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. कामात फरक जाणवत नाही, तापमान मात्र बरंच उतरतं. लांबलचक बिल्ड पहाटे किंवा रात्री अकरानंतर लावा. कॅबिनेट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा. दर महिन्याला ब्लोअरने धूळ काढा, आणि काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, कारण हवेने ते भलत्या वेगाने फिरलं तर पंख्याचं बेअरिंग खराब होतं.

आता कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरचा ओलावा मशीनला सहसा बाधत नाही. बाधतात ते तुषार. नवी ताटी (पाणी झिरपणारी कूलरची बाजू) बसवली किंवा पंप जोरात असला की पाण्याचे बारीक थेंब हवेसोबत येतात. बोअरचं जड पाणी असेल तर ते वाळल्यावर पांढरा क्षार उरतो. कॅबिनेटच्या जाळीवर बोट फिरवून पाहा, पिठासारखं काही लागलं तर हेच चाललंय. नव्या ताटीच्या काड्यांचा भुसाही पंख्यात अडकतो. म्हणून मशीन कूलरच्या झोतातून बाजूला, सहा-आठ फुटांवर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या, नाहीतर खोली नुसती दमट होते. जूनच्या शेवटी पाऊस लागला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

आणि हे कळकळीने सांगायचं आहे. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताने लागलेला शॉक जीव घेतो. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढा. याच अर्थिंगवर तुमचा पीसीही असतो.

६. घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाईन गेली की पीसी रिस्टार्ट होतो. असं का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. पीसीची पॉवर सप्लाय लाईन तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरते. जुनी झाली की त्याहून कमी. घरगुती इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असेल तर बॅटरीवर जायला ३०-४० मिलिसेकंद घेऊ शकतो. पंखा-दिव्यांना ते कळतही नाही, पीसी मात्र तेवढ्यात गेलेला असतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला ‘यूपीएस’ असा स्विच असतो, तो लावा. मग अदलाबदल १० मिलिसेकंदांच्या आसपास होते. त्याची किंमत अशी की या मोडमध्ये व्होल्टेज जरा खालीवर झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरी जास्त झिजते.

तरीही पीसी बंद पडत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरींची वीज देणारा) आहे का ते पाहा. आजच्या पॉवर सप्लायना साइन वेव्ह, म्हणजे बाहेरच्या लाईनसारखी गुळगुळीत लहर, लागते. स्क्वेअर वेव्हवर त्या गुणगुणतात, तापतात किंवा बंद पडतात.

दुसरी नेहमीची फसगत: वेगळा छोटा यूपीएस आणून स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या लाईनवर लावायचा. यूपीएसला ती लाईन खराब वाटते, तो ती नाकारून स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो आणि दहा मिनिटांनी बंद पडतो, इन्व्हर्टर भरलेला असूनही. दोन्ही जोडायचे तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा.

मापही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी बिल्डच्या वेळी ४०० वॉट ओढू शकतो, मग तो यूपीएस एक शिट्टी मारून बसतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. त्यावर फक्त पीसी आणि एक मॉनिटर लावा.

राउटर आणि फायबरची डबी यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वेगळा मिळतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची प्लस-मायनस बाजू जुळवा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. हा एवढासा डबा लाईन नसताना तीन-चार तास नेट टिकवतो आणि चालू मिटिंग वाचवतो.

७. लाईन गेल्यावर युनिटीचा प्रोजेक्ट उघडतच नाही. सगळं गेलं का?

बहुतेक वेळा नाही. एडिटर बंद करून प्रोजेक्टमधलं ‘लायब्ररी’ फोल्डर काढून टाका. ते मूळ फाइलींवरून पुन्हा तयार होतं, मोठ्या प्रोजेक्टला तासभर लागेल एवढंच. ‘ॲसेट्स’, ‘पॅकेजेस’ आणि ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’ या तीन फोल्डरना हात लावू नका. तिथलीच फाइल खराब झाली असेल तर गिटमधून (कोडच्या जुन्या प्रती जपणारं साधन) मागची प्रत आणा. मे-जूनमध्ये वादळी वारं सुटलं की बदल कमिट करून (गिटमध्ये नोंदवून) पुश करण्याची (सर्व्हरवर पाठवण्याची) सवय लावा.

८. नेट किती स्पीडचं लागतं?

रोजच्या कामाला १०० एमबीपीएस पुरे, पण अपलोडही तेवढंच हवं. काही केबलवाले डाउनलोड १०० आणि अपलोड १० देतात, बिल्ड पाठवताना ते कळतं. पहिल्या दिवशी १०० जीबीचा प्रोजेक्ट उतरवायचा असेल तर १०० एमबीपीएसवर कागदावर सव्वादोन तास आणि प्रत्यक्षात तीन तास धरा. ४० एमबीपीएसवर तेच काम रात्रभराचं. गिटवर असाल तर मोठ्या फाइलींसाठी त्याची एलएफएस ही सोय लावा आणि पूर्ण इतिहासाऐवजी उथळ क्लोन (फक्त ताजी प्रत) घ्या. गिटऐवजी परफोर्स हे तसंच दुसरं साधन असेल तर फक्त लागणारी फोल्डरं वर्कस्पेसमध्ये निवडा.

९. दोन कंपन्यांचं नेट घेतलं, तरी दोन्ही एकदम का जातं?

दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतात म्हणून. सिमेंट रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला किंवा वादळात फांदी पडली, की खांबावरचं सगळंच जातं. दुसरं नेट घेण्याआधी गच्चीवर जाऊन पाहा, कोणती केबल कोणत्या बाजूने येते. रस्ता एकच असेल तर दुसरी जोडणी मोबाइल नेटवर्कचीच घ्या, आणि तीही फायबरवाल्यापेक्षा वेगळ्या कंपनीची. महत्त्वाच्या मिटिंगच्या दिवशी फोनचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून पाहा.

१०. गेमचा सर्व्हर मुंबईत ठेवू की हैदराबादला? पिंग (माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती येईल?

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई सरळ अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट येतं, कारण मधले राउटर आणि कंपनीचा वळसा. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरचं मुंबईतलं केंद्र (रीजन) २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून. नकाशावर हैदराबाद जवळ दिसतं, पण तुमची नेट कंपनी सगळं ट्रॅफिक आधी मुंबईला नेत असेल तर हैदराबादचा पिंग उलट जास्त येतो.

म्हणून मोजूनच ठरवा. दोन्हीकडे सर्वांत लहान मशीन तासभर भाड्याने घ्या आणि रात्री नऊ वाजता २००-२०० पिंग पाठवा. सरासरीवर जाऊ नका, सर्वांत वाईट दहा आकडे पाहा. खेळाडू चिडतो तो त्या दहांमुळे. खेळाडू देशभर असतील तर आपल्या घरचा पिंग बाजूला ठेवून बहुतेक खेळाडू जिथे आहेत तिथून मोजा. सर्व्हर अमेरिकेत असेल तर २०० मिलिसेकंदांच्या वरच्या उशिराची तयारी ठेवा. कितीही महागडं नेट घेतलं तरी अंतर कमी होत नाही.

११. घरच्या पीसीवर सर्व्हर लावला, राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडला, तरी मित्राला जोडता येत नाही.

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटमागे आहात. एकच बाहेरचा पत्ता शेकडो घरांत वाटलेला आहे, म्हणून तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून काहीच होत नाही. तीन वाटा आहेत: कंपनीकडून स्टॅटिक आयपी (आपला स्वतंत्र, न बदलणारा पत्ता) विकत घ्या, युनिटी किंवा स्टीम या गेमच्या दुकानाची रिले सेवा (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणारी) वापरा, किंवा मुंबईतलं स्वस्त भाड्याचं मशीन घ्या. शिकणाऱ्याला तिसरी वाट सर्वांत जास्त शिकवते.

१२. माझ्याकडे गेम मस्त चालतो, खेळाडू मात्र अडखळतो म्हणतात. त्यांचं नेट खराब आहे ना?

असेल. पण खेळाडूचं नेट खराब असणारच, हे धरूनच ऑनलाइन गेम लिहायचा असतो. गिगाबिट नेटच्या ऑफिसात बसलेल्या टीमला जे दिसत नाही ते नागपुरात बसून सहज दिसतं, आणि इथल्या डेव्हलपरने हे आपलं बळ मानावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

टेबलावरची तपासणी आधी. नेट मुद्दाम खराब करून दाखवणारी साधनं मिळतात: विंडोजवर क्लम्झी, लिनक्सवर टीसी नेटेम. तीन पातळ्या ठरवून घ्या: ४० मिलिसेकंद उशीर आणि शून्य तोटा (हरवलेली पॅकेटं), १२० मिलिसेकंद उशीर त्यात ३० ची चढउतार आणि २ टक्के तोटा, आणि २५० मिलिसेकंद उशीर ५ टक्के तोटा. दुसऱ्या पातळीवर खेळ सुखाने खेळता आलाच पाहिजे. तिसऱ्या पातळीवर निदान तुटू नये.

दुसऱ्या पातळीवर हालचाल थांबून एकदम उडी मारत असेल तर सहसा दोन कारणं सापडतात. एक, हालचालीची माहिती टीसीपीवरून जाते. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी ताटकळतात, म्हणून हरवलेल्यासाठी न थांबणाऱ्या यूडीपीवर या. दोन, दुसऱ्या खेळाडूची जागा आल्या क्षणी दाखवली जाते. सर्व्हर सेकंदाला ३० वेळा माहिती पाठवत असेल तर दोन माहितींमध्ये ३३ मिलिसेकंद असतात. दोन-तीन नग साठवून, ७० ते १०० मिलिसेकंद मागचं चित्र मध्ये जोडत दाखवलं की उड्या थांबतात.

मग फोन खिशात घाला आणि मेट्रोत बसा. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एक मॅच खेळा. टॉवर बदलतो तेव्हा एकदोन सेकंद काहीच येत नाही, आणि सीताबर्डीच्या गर्दीत उशीर वाढतो. घरातून निघताना वायफाय सुटून मोबाइल नेट लागतं, तेव्हा तर फोनचा आयपीच बदलतो. सर्व्हर खेळाडूला आयपी आणि पोर्टवरून ओळखत असेल तर तो खेळाडू तिथेच बाहेर फेकला जातो. ओळख टोकनवरून (लॉगिनच्या वेळी दिलेल्या गुप्त खुणेवरून) करा आणि निदान ३० सेकंद त्याची जागा राखून ठेवा. परत आला की चालू स्थिती पूर्ण पाठवा, मधले बदल एकेक करून पाठवू नका. या एका फेरीत सापडलेले दोष टेबलावर आठवडाभर बसून सापडत नाहीत.

१३. अमेरिकेच्या टीमबरोबर वेळ कशी जुळवू? रात्रभर जागावं लागतं का?

कॅलिफोर्नियात सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. रोज दोन तासांची गाठ पुरते, बाकीचं लेखी चालतं. पूर्ण आठ तास त्यांच्या वेळेत मागणारं काम घेण्याआधी दहा वेळा विचार करा, वर्षभरात तब्येत उतरते. युरोप खूप सोपा पडतो: लंडनचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे अडीच, हेलसिंकीचे १० म्हणजे साडेबारा.

फसगत मार्चमध्ये होते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे तिन्ही वेळा वेगळ्या. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे येतं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. आपलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे चुकतो आपणच. मिटिंग नेहमी समोरच्याच्या टाइमझोनमध्ये कॅलेंडरवर टाका.

१४. मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजी मिटिंगमध्ये बोलताना अडखळतो. काय करू?

लेखी काम चोख ठेवा. लांबच्या टीमला तुमचा आवाज दिवसातून पंधरा मिनिटं ऐकू येतो, तुमचं लिहिलेलं चोवीस तास दिसतं. ‘लॉबीत गडबड आहे’ असं लिहून काही उपयोग नाही. कोणता बिल्ड, कोणता फोन, कोणत्या पायऱ्या, पाचपैकी किती वेळा झालं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सोबत लॉग आणि २० सेकंदांचा व्हिडिओ. इतकं दिलं की वाक्यं साधी असली तरी चालतात. दिवस संपताना तीन ओळी: काय झालं, काय अडलं, उद्या काय. मिटिंगमध्ये समजलं नाही तर तिथेच विचारा. मान डोलावून दोन दिवस चुकीचं काम करण्यापेक्षा ते कधीही बरं.

१५. कंपनी म्हणते ‘कॉन्ट्रॅक्टर म्हणून ये’. पगारी नोकरीपेक्षा काय वेगळं?

कॉन्ट्रॅक्टरला पीएफ, भरपगारी रजा आणि आरोग्य विमा मिळत नाही. कर स्वतः भरायचा असतो. काही कंपन्या भारतातल्या मध्यस्थ संस्थेमार्फत पगारावर घेतात, तेव्हा टीडीएस आणि पीएफ इथल्या नियमाने कापले जातात. दोन्हीची तुलना करताना कॉन्ट्रॅक्टच्या आकड्यातून विमा, रजेचे दिवस, मशीन आणि सीएची फी वजा करून पाहा. करारात पाहायच्या गोष्टी: किती दिवसांची नोटीस, बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे, आणि वाद झाला तर कोणत्या देशात. कोडच्या मालकीबद्दल प्रश्न १९ पाहा.

१६. डॉलरमध्ये पैसे येतात. जीएसटी लागतो का? कर कसा भरायचा?

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण निर्यातीची रक्कमही या २० लाखांत धरली जाते. नोंदणी झाल्यावर निर्यातीवर शून्य दर लागतो. त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी हे हमीपत्र भरा. ते राहिलं तर आधी कर भरून मग परताव्यामागे फिरावं लागतं. पैसे परकीय चलनात आल्याचा पुरावा म्हणून बँकेकडून एफआयआरए मागून घ्या आणि दर महिन्याचं वेगळं जपा. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे आहेत ते सांगणारा क्रमांक) विचारते, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीसाठी पी०८०२ हा आहे.

प्राप्तिकरात ठराविक व्यावसायिकांना मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची सोय जुन्या कायद्याच्या ४४एडीए कलमात होती. मर्यादा ५० लाख, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएशी बोलताना हे लक्षात असू द्या. शिवाय स्वतंत्र व्यावसायिकाला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो. तो बहुतेक जण विसरतात आणि मग व्याजासकट भरतात.

१७. स्वतःचा गेम स्टीम किंवा प्ले स्टोअरवर टाकायला किती खर्च?

स्टीमवर प्रत्येक गेमला १०० डॉलर. विक्री १,००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून प्रकाशनापर्यंत ३० दिवस जावे लागतात आणि ‘लवकरच’ पान निदान दोन आठवडे दिसलं पाहिजे, म्हणजे दिवाळीला गेम आणायचा असेल तर दसऱ्याला खातं उघडून जमत नाही. गुगल प्लेला एकदाच २५ डॉलर. पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. कोणी मधेच बाहेर पडलं आणि संख्या १२ च्या खाली गेली तर अडचण होते, म्हणून वीसेक जण जमवा. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, आणि बिल्डसाठी मॅक लागतो.

१८. स्टीमने टॅक्स इंटरव्ह्यू (कराबद्दलची प्रश्नावली) भरायला सांगितला. ३० टक्के कापणार का?

तिथे पॅन टाकून दोन देशांतल्या कराबद्दलच्या भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. मग अमेरिकेतल्या विक्रीवरच्या रॉयल्टीवर १५ टक्के कापले जातात, बाकी देशांतल्या विक्रीवर अमेरिका काही कापत नाही. इथे बसून केलेल्या कामाची फी ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही भारतात राहून अमेरिकी स्टुडिओसाठी कोड लिहिला तर ते अमेरिकेतलं उत्पन्न धरलं जात नाही. स्टुडिओ त्यासाठी डब्ल्यू-८ बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं लिहून देणारा) मागतो. तो सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, मग नवा द्यावा लागतो. कापलेल्या १५ टक्क्यांची वजावट इथल्या करात मिळते, विवरणपत्राबरोबर वेगळा फॉर्म भरला तरच.

१९. तीन मित्र मिळून गेम करतोय. करार कशाला हवा?

कॉपीराइट कायदा, १९५७ मुळे हवा. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते. पण मित्राने किंवा फ्रीलान्सरने लिहिलेला कोड आणि केलेलं संगीत सहसा त्याचंच राहतं, तो लेखी देत नाही तोवर. बरं, लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरतंच धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. स्टीमवर जगभर विकायला निघालेल्या गेमसाठी ही मोठी भानगड आहे. दोन पानांचा कागद करा: कोणी काय केलं, कोणाला किती वाटा, हक्क जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, आणि कोणी मधेच सोडलं तर काय. मैत्री चांगली आहे तेव्हाच हे लिहून घ्यायचं असतं.

२०. नोकरी सांभाळून रात्री स्वतःचा गेम करू शकतो का?

करार वाचा. काही करारांत नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं असं कलम असतं. सही करण्याआधी आपल्या चालू प्रोजेक्टची नावं त्यातून वगळून घ्या. कंपनीचं मशीन, कंपनीची लायसन्स आणि कंपनीचा कोड स्वतःच्या गेमला अजिबात लावू नका.

२१. रमी, तीन पत्तीच्या ॲपचं काम चांगल्या पैशाने मिळतंय. घेऊ का?

पैसे लावून खेळायचा गेम असेल तर घेऊ नका. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आहे. कौशल्य की नशीब हा भेद न ठेवता पैशाच्या खेळांना त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मदत करणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ यांना मनाई नाही. ‘सर्व्हर परदेशात आहे’ या उत्तरावर विसंबू नका.

२२. मुलाखतीआधी ‘हा प्रोजेक्ट उघडून बग दुरुस्त करा’ म्हणतात. उघडू का?

रोजच्या मशीनवर नको. युनिटीच्या प्रोजेक्टमधला एडिटर कोड प्रोजेक्ट उघडताक्षणी चालू शकतो, प्ले दाबायचीही गरज नसते. खोट्या मुलाखतीतून असं मालवेअर पसरवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त मशीनमध्ये) किंवा ज्यावर बँक, मेल, पासवर्ड काहीच नाही अशा जुन्या लॅपटॉपवर उघडा. कंपनीच्या माणसाशी व्हिडिओवर बोलणं झालेलं नसेल, किंवा चाचणीच्या नावाखाली आठवड्याचं फुकट काम मागत असतील, तर नम्रपणे नाही म्हणा. चार-सहा तासांची चाचणी रास्त.

२३. घरी बसून असतो म्हणून घरच्यांना हे काम वाटत नाही, आणि बँक घरासाठी कर्ज देत नाही. काय दाखवू?

बँकेला सॅलरी स्लिपच्या जागी विवरणपत्रं लागतात, सहसा मागच्या दोन-तीन वर्षांची. म्हणून पहिल्या वर्षापासून कर कमी पडत असला तरी विवरणपत्र भरा. सोबत चालू करार, महिन्याची बिलं, एफआयआरए आणि सगळे पैसे एकाच खात्यात येत असल्याचं स्टेटमेंट. ४४एडीएसारख्या सोयीने निम्माच नफा दाखवला असेल तर बँक कर्जाची रक्कमही त्या निम्म्यावरच ठरवते. दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर सीएशी हे आधीच बोला.

घरच्यांसाठी कामाची वेळ कागदावर लिहून दाराला लावा, मिटिंगच्या वेळा लाल शाईने. एकदा आई-बाबांना शेजारी बसवून तुम्ही लिहिलेला भाग त्यांच्या फोनवर चालवून दाखवा, आणि तोच खेळ आत्ता दुसऱ्या शहरातलं कोणी तरी खेळतंय हेही दाखवा.